पावसाच्या मुलखातला अग्नी

कोल्हापूरहून गगनबावड्याला जाणारा रस्ता जुलैत मांडुकली, खोकुर्ले, किरवे यांपैकी कुठेतरी पाण्याखाली जाणार, हे जिल्ह्यात पोरासोरांनाही पाठ असतं. कुंभी पात्राबाहेर पडते, एसटी अर्ध्यातून परत फिरते आणि घाटमाथा जिल्ह्यापासून तुटतो. वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा हा तालुका. झाड पडून तार तुटली की वाड्यांवर वीज कधी येईल याचा भरवसा नसतो. सिलिंडरची गाडी पुराच्या अलीकडे अडकते आणि चुलीपुढच्या लाकडांत ओल शिरते. मिरगाच्या आधी जळण कोरड्यात भरून ठेवणं हे इथलं सगळ्यात जुनं ऊर्जानियोजन. ते आजही बहुतेक घरांत बायकाच करतात.

जिल्ह्यातला हा सगळ्यात लहान तालुका. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३५ हजारांच्या थोडी वर होती. जिल्हा परिषदेत इथून तिसंगी आणि असळज हे दोनच गट. एके काळी बावडा ही पंत अमात्यांची जहागीर होती आणि गगनगड तिचं ठाणं. आज या डोंगरांची ओळख वेगळी आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने इथल्या सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगलाला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मंजुरी दिली. जंगल राखायचं तर गावाचं जळण कुठून येणार, हा प्रश्न त्या मंजुरीबरोबरच आला. त्याचं उत्तर द्यायला कोणती कचेरी बांधील आहे, हा या लेखाचा विषय.

कागदावर कचेऱ्या भरपूर आहेत. गोबरगॅस जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडे, तालुक्यात पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांमार्फत. सौरऊर्जा आणि ऊर्जाबचत महाऊर्जेकडे. १९८५ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं विभागीय कार्यालय कोल्हापुरात आहे. छतावरच्या सोलरची जोडणी, मीटर आणि बिल महावितरणकडे. जंगलालगतच्या गावांना गॅसजोडणी वनविभागाच्या योजनेतून, तर इतरांना उज्ज्वलातून. नळपाणी योजनेचा पंप पाणीपुरवठा विभागाचा. याशिवाय ‘गोकुळ’ हा जिल्हा दूध संघ आहे. त्यानेही उत्पादकांसाठी बायोगॅसची योजना चालवली आहे. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, लाभार्थ्यांची यादी वेगळी, उद्दिष्ट वेगळं. या सगळ्यांची गाठ पडते ती ग्रामपंचायतीच्या एका टेबलावर, ज्याला गाव अजून ग्रामसेवक म्हणतं आणि शासन २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतं त्या माणसापुढे. दाखले, घरपट्टी, घरकुलं आणि ग्रामसभेचं इतिवृत्त सांभाळून त्याने हे करायचं असतं.

यातली सगळ्यात जुनी आणि मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे गोबरगॅस. बायोगॅस उभारणीत कोल्हापूर जिल्हा अनेक वर्षं राज्यात आघाडीवर राहिला आहे. त्यामागे दूध आहे. १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ स्थापन झाला आणि गावोगाव संस्था उभ्या राहिल्या. दारात म्हैस असणं म्हणजे दहा दिवसांनी बिल मिळणं, असं गणित बसलं. म्हैस आली तसं शेण आलं. केंद्राचा राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम १९८१-८२ मध्ये सुरू झाला तेव्हा जिल्हा परिषदेला माल शोधायला कुठे जावं लागलं नाही.

यंत्र म्हणून गोबरगॅस साधा दिसतो, पण तो बांधायला कसब लागतं. १९८४ मध्ये पुढे आलेल्या ‘दीनबंधू’ नमुन्यात जमिनीखाली विटांचा घुमट असतो. साचा न लावता, एकेक वीट तोलत, गवंडी तो मिटवत आणतो. आतल्या गिलाव्याला केसाएवढी चीर राहिली तर गॅस तिथून जातो आणि दोष शेवटपर्यंत सापडत नाही. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे बांधून घातलेली चार-पाच जनावरं. मिश्रण आत सुमारे ४० दिवस मुरतं. हवेशिवाय जगणारे जीवाणू त्यातून मिथेन काढतात आणि पलीकडच्या तोंडाने स्लरी बाहेर पडते. एक घनमीटर गॅस साधारण ४३० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतकं काम करतो. दोन घनमीटरचं संयंत्र पोटभर शेण मिळून चाललं तर महिन्याला दीड-पावणेदोन सिलिंडरांची सोय होते. वर स्लरीचं खत उसाला आणि भाताला मिळतं, ते वेगळंच.

बावड्याचा पाऊस या यंत्राची परीक्षा घेतो. जीवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. आषाढात धुकं उतरलं की खड्ड्यातलं मिश्रण थंडावतं आणि गॅस कमी येतो. जळणाची सर्वांत अडचण असते नेमकी तेव्हा. भूजल वर चढून घुमटाला खालून रेटा देतं, म्हणून जागा उंचवट्यावर, पाण्याची वाट सोडून निवडावी लागते. कोल्हापूर शहराजवळच्या काळ्या शिवारात चालणारा आराखडा इथल्या जांभ्या उतारावर तसाच उतरवता येत नाही. जागा पाहायला येणाऱ्या अधिकाऱ्याला हे ठाऊक असतं. उद्दिष्ट मात्र मार्चच्या आत संपवायचं असतं. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०२२ च्या निकषांत दोन ते चार घनमीटरच्या संयंत्राला सर्वसाधारण गटात १४,३५० रुपये अनुदान आहे आणि शौचालय जोडलं तर आणखी काही. पैसे मिळतात ते बांधल्याबद्दल. दहा वर्षांनी पाइप गंजला, शेगडी बुजली किंवा घरातल्या म्हशी दोनावर आल्या, तर त्या घराचं काय झालं, हे विचारणारा रकाना कुठल्याच नोंदवहीत सहज सापडत नाही.

शौचालय जोडण्याची कल्पना या डोंगराला अगदी शेजारची आहे. करूळ घाट उतरून वैभववाडी ओलांडली की कणकवली येते. तिथे ‘कोकणचे गांधी’ आप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये गोपुरी आश्रम उभा केला आणि मैल्याचं खत करणारा गोपुरी संडास घडवला. त्यांना गुरुस्थानी मानणाऱ्या डॉ. सुहास मापुस्करांनी देहूत शौचालयाला जोडलेले बायोगॅस उभारले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मैल्यापासून गॅस करून दिवे लावण्याचा प्रयोग तर मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्येच झाला होता. त्या गॅसवर स्वयंपाक करायला आजही अनेक घरांत मन धजत नाही. हा संकोच अनुदानाने जात नाही. शेजारणीची शेगडी पेटलेली पाहून जातो.

शेणाला दुसरीही मागणी आहे, हे सांगायला हवं. कोल्हापुरात अंत्यसंस्काराला शेणी वापरतात आणि होळी लहान करून स्मशानाला शेणी दान करण्याची चळवळ शहराने मनापासून उचलली. भिंतीला थापलेली शेणी लाकूड वाचवते हे खरंच. पण चुलीत जाळली की खत आणि उष्णता दोन्ही बहुतांशी जातात, गोबरगॅसमध्ये खत हाती राहतं. लहान तालुक्यात शेणाचाही हिशेब मांडता येतो. कुठल्या गावात किती म्हशी, किती जुनी संयंत्रं, किती चालू, किती बंद: पशुवैद्यकीय दवाखाना, दूध संस्था आणि पंचायत समिती यांनी वह्या शेजारी ठेवल्या तर आठवड्याभराचं काम आहे.

वह्या शेजारी ठेवायला लावणारी मोठी सरकारी खटपट म्हणजे ‘माझी वसुंधरा अभियान’. त्याआधी २०१० मध्ये ग्रामविकास विभागाने पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना आणली होती. झाडं, स्वच्छता, करवसुली आणि अपारंपरिक ऊर्जा यांची सांगड घालून गावाला निधी देण्याची ती पद्धत होती. २ ऑक्टोबर २०२० रोजी पर्यावरण विभागाने सुरू केलेल्या माझी वसुंधरेने कामांची मांडणी पंचमहाभूतांनुसार केली: भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश. एलईडी दिवे, सोलर, बायोगॅस हे सगळं अग्नीत आलं. स्थानिक स्वराज्य संस्थांनी वर्षभर काम करायचं, पुरावे जोडायचे, त्रयस्थ तपासणी व्हायची आणि ५ जून, पर्यावरण दिनी, निकाल. मांडणी सुरेख होती, कारण पंचमहाभूतं ग्रामसभेत समजावून सांगावी लागत नाहीत.

पहिल्या वर्षी अभियानात ६८६ संस्था होत्या आणि त्यांत ग्रामपंचायती होत्या फक्त २९१, १० हजारांवर लोकसंख्या असलेल्या. गगनबावडा तालुक्याला त्या यादीत जागाच नव्हती. सगळा तालुका मिळून ३५ हजारांचा. त्यात १० हजारांचं गाव कुठून येणार? पुढच्या आवृत्त्यांत लहान गावांना दारं उघडली आणि सहभागी संस्थांची संख्या २० हजारांच्या पलीकडे गेली. तरी मूळची नजर राहिलीच. भूमी आणि जल यांच्यापुढे अग्नीच्या वाट्याला थोडे गुण आले, आणि मोजली गेली ती बसवलेली साधनं.

बावड्यासारख्या ठिकाणी ही मोजणी अपुरी पडते. डोंगरातल्या वाड्यांवर झऱ्याचं पाणी उतारावरून पाइपाने आणतात, लोक त्याला सायफन म्हणतात. मोटार नाही, बिल नाही, रात्रीअपरात्री स्टार्टरपाशी जाणं नाही. याच्याइतकी ऊर्जाबचत दुसरी नसेल. पण न बसवलेल्या पंपाचा फोटो काढून जोडता येत नाही. उलट, जलजीवन मिशनमधून मोठी टाकी आणि नवा पंप बसला की विजेचं बिल ग्रामपंचायतीच्या गळ्यात कायमचं पडतं. झरा बारमाही असेल तिथे त्याचं उगमस्थान बांधून घेणं, वरचं जंगल राखणं आणि पाइप दुरुस्त ठेवणं हे पाणी, वन आणि ऊर्जा या तिन्ही खात्यांचं काम एकाच वेळी आहे. म्हणूनच ते कुणा एकाच्या उद्दिष्टात बसत नाही.

बिलांचा विषय निघालाच आहे तर पथदिवे. पूर्वी राज्य शासन ग्रामपंचायतींच्या दिवाबत्तीचा भार उचलत होतं. नंतर वित्त आयोगाच्या निधीतून बिलं भरायला सांगण्यात आलं. २०२१ मध्ये थकबाकीपोटी राज्यभर गावोगावचे दिवे तोडले गेले आणि सरपंच रस्त्यावर उतरले. पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाची बाकी सगळी कामं. ट्यूब आणि चोक मिळून ५० वॅट खाणाऱ्या दिव्याच्या जागी २० वॅटचा एलईडी लावला तर निम्म्याहून जास्त वीज वाचते, याबद्दल आता वाद नाही. वाद आहे तो दिवसा जळणाऱ्या दिव्यांचा. टायमर नाही, बटण दाबायला ठरलेला माणूस नाही, आणि मीटरचं वाचन मासिक सभेपुढे कुणी ठेवत नाही. दर महिन्याला प्रत्येक मीटरचे युनिट एका वहीत लिहिणं, एवढं केलं तरी ग्रामपंचायतीला आपला खर्च कुठे गळतो ते दिसेल.

सौरऊर्जेचा दाखला म्हणून सध्या साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीचं नाव घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. शंभरएक घरांचं हे गाव सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून पुढे आलं. तेही डोंगरातलंच गाव. पण त्यांची नक्कल करताना बावड्याने आपला पाऊस आणि महावितरणचं वर्ष दोन्ही ध्यानात घ्यायला हवीत. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं आणि छतावर जादा झालेले युनिट खात्यात जमा राहतात. पण आर्थिक वर्षासोबत, ३१ मार्चला, तो हिशेब मिटतो. मार्चपर्यंत साठलेली जमा पावसाळ्यापर्यंत येत नाही. जूनच्या ढगांत खर्चायला उरतात ते एप्रिल-मेचे युनिट. म्हणून इथे छतावर किती किलोवॅट घ्यायचे हे विक्रेत्याच्या कोष्टकावर सोडून चालणार नाही. घराचं बारा महिन्यांचं बिल आणि इथलं आभाळ पाहून सल्ला देणारा कुणीतरी तालुक्याच्या ठिकाणी हवा.

तो माणूस कुठे बसावा? माझ्या मते पंचायत समितीत. १९६१ च्या कायद्याने ती उभी राहिली तेव्हाच गावं आणि जिल्हा यांच्यामध्ये योजनांची मोट बांधणं हे तिचं काम ठरलं होतं. गटविकास अधिकाऱ्याच्या मासिक बैठकीला कृषी, पाणीपुरवठा, शिक्षण सगळे असतातच. महावितरणचा अभियंता, वनक्षेत्रपाल आणि दूध संघाचा सुपरवायझर यांना त्याच दिवशी बोलावलं आणि चर्चेला गाववार एकच तक्ता ठेवला, तर नवी कचेरी उघडावी लागणार नाही. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली, कारभार प्रशासकांकडे गेला आणि निवडणुका लांबत राहिल्या. त्या काळात अशा बैठकीत गावाच्या बाजूने जाब विचारणारा निवडून आलेला माणूसच उरला नाही, याचं नुकसान पुरस्कारांच्या यादीत दिसणार नाही, पण ते झालं आहे.

त्या तक्त्यात पहिला रकाना बंद गोबरगॅसचा असावा असं मला वाटतं. नव्या संयंत्राला लागणाऱ्या पैशांच्या थोडक्या भागात जुना घुमट गिलावा करून, पाइप आणि शेगडी बदलून पुन्हा पेटता करता येतो, आणि ते करणारे गवंडी जिल्ह्यात आहेत. काम मार्चमध्ये धरलं, मे संपेपर्यंत शेण भरलं आणि चाळीस दिवस मुरू दिलं, तर मांडुकलीवर पाणी चढेपर्यंत त्या घरात गॅस सुरू झालेला असेल.