दाखला, तक्रार आणि वाचनालय

मी आठवीत असताना वर्गात एक सूचना वाचून दाखवण्यात आली. शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला जोडावा, अशी ती सूचना होती. 'दाखला' हा शब्द ऐकून मी निर्धास्त झालो. उर्दूत आपण शाळेतील प्रवेशाला दाखला म्हणतो, आणि माझा दाखला तर केव्हाच झाला होता! 'उत्पन्न' म्हणजे काय, हे कोणाला विचारावे असेही मला वाटले नाही. मुदत संपली आणि त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. अब्बा शिवणकाम करीत. त्या पैशांत माझी वर्षाची वह्या-पुस्तके झाली असती. अब्बा रागावले नाहीत, याचेच मला अधिक वाईट वाटले.

पुढे गावातील वाचनालयाच्या ग्रंथपालांनी मला शब्दकोश उघडून दाखवला. मराठीत दाखला म्हणजे प्रमाणपत्र, असे त्यात होते. शब्द एकच, घरही एकच, पण दोन भाषांत तो दोन निरनिराळी कामे करतो.

विद्यार्थी मित्रांनो, असे शब्द पुष्कळ आहेत. उर्दूत 'तकरार' म्हणजे भांडण किंवा वाद. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणे. 'तक्रार वही' पाहून घाबरण्याचे कारण नाही, तेथे कोणी भांडत नाही. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. 'हरकत असल्यास कळवावे' अशी नोटीस तलाठी कार्यालयात लागते, तेव्हा तेथे आक्षेपच मागितलेला असतो. सर्वांत फसवा शब्द 'खुलासा'. उर्दूत त्याचा अर्थ सारांश. मराठीत मात्र 'खुलासा करावा' असे लिहून आले, की सगळे सविस्तर सांगावे लागते. तेथे दोन ओळी लिहून चालत नाही.

हे शब्द मराठीत आले कोठून? आपल्याच गावच्या इतिहासात त्याचे उत्तर आहे. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीची सुरुवात जुन्नरला केली. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) शहर त्यानंतर वसले. कारभाराची भाषा फारसी होती. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी पुढे राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत शब्द सुचवले. तरीही अर्ज, तारीख, नक्कल, मुदत, तालुका हे शब्द टिकून राहिले. जुन्नरचा हातकागदही एके काळी नामांकित होता. तो तयार करणारे कागदी हे मुसलमान कारागीर होते आणि पेशव्यांच्या दफ्तरासाठी जुन्नरी कागद वापरला जाई. म्हणजे सरकारी अर्ज हा आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. माधव ज्यूलियन यांचा 'फार्शी-मराठी कोश' १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचनालयात गेलात तर तो मागून पाहा.

पण वाचनालयात जावे कसे? पुष्कळ मुलांना वाटते, की तेथे पैसे भरल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. तसे नाही. महाराष्ट्रात बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये नागरिकांच्या संस्था चालवतात आणि शासन त्यांना अनुदान देते. यासाठी १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे. पुस्तके किती, सभासद किती, वाचनालय किती तास उघडे, अशा गोष्टींवरून ग्रंथालयांना अ, ब, क आणि ड असे वर्ग मिळतात. शासनमान्य ग्रंथालयात वर्तमानपत्रे वाचण्याचा विभाग सर्वांना खुला असतो. तेथे बसून वाचायला वर्गणी लागत नाही.

पुस्तक घरी न्यायचे असेल, तर मात्र सभासद व्हावे लागते. त्यासाठी वर्गणी आणि अनामत रक्कम भरतात. अनामत म्हणजे ठेव. सभासदत्व सोडताना ती परत मिळते. म्हणून पावती जपून ठेवा. बरीच वाचनालये दुपारी बंद असतात, तेव्हा फलकावरील वेळ आधी पाहून घ्या. उर्दू पुस्तके थोडी असतील किंवा नसतीलही. अशा वेळी मुकाट्याने परत येऊ नका. हव्या त्या पुस्तकाचे नाव मागणीच्या वहीत लिहा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हा त्यांतलाच एक नियम आहे. मात्र मागणी नोंदवलेलीच नसेल, तर ग्रंथपाल तरी काय करणार?

आता दाखल्याकडे वळू. जुन्नर तालुक्याचे तहसील कार्यालय जुन्नरला आहे. आंबेगाव तालुक्याचे मात्र घोडेगावला आहे. आंबेगाव हे मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले, तालुक्याचे नाव तेवढे राहिले. नावावरून गाव शोधत निघालात तर फसाल! उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला यांचे अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातूनही भरता येतात. अर्ज दिल्यावर पोचपावती घ्या आणि तिच्यावरील क्रमांक व तारीख पाहा. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे ठरलेल्या प्रत्येक सेवेला मुदत आहे. ती कार्यालयातील फलकावर लिहिलेली असावी लागते. काम मुदतीत झाले नाही किंवा अर्ज फेटाळला गेला, तर ३० दिवसांच्या आत अपील करता येते. अर्ज फेटाळताना लेखी कारण द्यावे लागते. नुसते 'उद्या या' हे उत्तर पुरेसे नाही.

आपल्याला एक अडचण इतरांपेक्षा अधिक येते. उर्दू नाव मराठीत लिहिताना कधी 'रिझवान' होते, तर कधी 'रिजवान'. जन्माच्या नोंदीत एक, शाळेच्या रजिस्टरात दुसरे आणि रेशनकार्डावर तिसरे! मग दहावीनंतर प्रवेशाच्या वेळी धावपळ सुरू होते. आजच घरातील सगळे कागद एका चटईवर मांडून नावे जुळवून पाहा. चूक सापडली तर शाळेतील नोंदीबद्दल मुख्याध्यापकांना आताच भेटा. शाळा सोडल्यावर ते काम फार लांबते.

मराठी वाचता येणारे मूल घरात असले, की शेजारीही दार ठोठावतात. आपल्या भागात बिबट्याने शेळी मारण्याच्या घटना घडतात. अशी नुकसानभरपाई वन विभाग देतो. पण खबर तातडीने, दोन दिवसांच्या आत द्यावी लागते आणि पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून हलवायचे नसते. ही गोष्ट ठाऊक नसल्याने माणसे शेळी पुरून टाकतात आणि मग पंचनाम्याला काही उरत नाही. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. शेजारच्या चाची असा अर्ज लिहून मागतील, तेव्हा तो आधी कच्च्या कागदावर लिहा, त्यांना उर्दूत सांगून त्यांच्याकडून तपासून घ्या आणि मगच पक्का करा. खाली तारीख घाला, सही किंवा अंगठा घ्या आणि एक नक्कल त्यांच्याजवळ ठेवायला द्या.