एका ग्लासात तीन थर आणि माझं चुकलेलं गृहीतक

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतोच: "तुमचं गृहीतक काय, आणि ते चुकीचं असेल तर तुम्हाला कशावरून कळेल?" पहिल्या अर्ध्या भागाचं उत्तर आपण पाठ करून जातो. दुसऱ्या अर्ध्याला गप्प बसतो. मी बसलो होतो. म्हणून आज उदाहरण पुस्तकातलं न घेता आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरातलं घेतोय.

३१ डिसेंबरला ठाणे-कल्याणहून मित्र येणार होते. थरांचे शॉट्स करायचं ठरलं. छोट्या ग्लासात कॉफी लिकर, आयरिश क्रीम आणि संत्र्याचं लिकर, तिन्ही एकमेकांत न मिसळता एकावर एक उभे. (आधीच सांगतो: महाराष्ट्रात असलं कडक मद्य प्यायला वय २५ पूर्ण लागतं, शिवाय परवाना लागतो. तुम्ही त्याखालचे असाल तर हाच प्रयोग साखरेच्या पाण्यावर करा. विज्ञान तेच आहे, उलट आकडे जास्त स्वच्छ येतात.)

खाली कोण, वर कोण? यूट्यूब न बघता तर्काने ठरवू म्हटलं. पाण्याची घनता दर मिलिलिटरला सुमारे १ ग्रॅम, शुद्ध इथेनॉलची ०.७९. म्हणजे अल्कोहोल जितकं जास्त तितकं द्रव हलकं. बाटल्यांवरचे आकडे वाचले: आयरिश क्रीम १७ टक्के, कॉफी लिकर २०, संत्र्याचं ४०. मग क्रीम तळाला, त्यावर कॉफी, सगळ्यात वर संत्रं. किती सुटसुटीत!

क्रीमवर कॉफी लिकर ओतलं, तर ते सरळ क्रीमला भोक पाडून तळाशी जाऊन बसलं.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण प्रयोगशाळेत अगदी हेच होतं. सगळे म्हणाले, "तुझा हात हलला." मलाही ते पटलं, कारण त्यात माझं गृहीतक वाचत होतं. केमिस्टकडून १० मिलिलिटरची सुईविना सिरिंज आणली आणि थेंब थेंब सोडून पाहिलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा कॉफी खाली. हात हलला असता तर एखाद्या वेळी तरी निकाल वेगळा आला असता. चूक हाताची नव्हती.

चूक अशी की मी बाटलीवर छापलेली गोष्ट मोजली आणि न छापलेली विसरलो. साखर! वजनाने १० टक्के साखरेच्या पाण्याची घनता सुमारे १.०४ असते, २० टक्क्यांची १.०८, ४० टक्क्यांची १.१८. लिकरमध्ये अल्कोहोल घनता कमी करतं, साखर वाढवते, आणि क्रीम असेल तर त्यातलं फॅट पुन्हा थोडी कमी करतं. कॉफी लिकरमध्ये साखर इतकी असते की २० टक्के अल्कोहोल असूनही घनता १.१५ च्या आसपास जाते. आयरिश क्रीम साधारण १.०५, संत्र्याचं १.०३ ते १.०४. माझ्या गृहीतकाने संत्र्याची जागा बरोबर सांगितली होती, आणि धोका नेमका तिथेच होता. फक्त कॉफी आणि संत्रं घेऊन प्रयोग केला असता तर "सिद्ध झालं" म्हणून मोकळा झालो असतो.

मग मोजायला बसलो. सिरिंजमध्ये १० मिलिलिटर भरायचं, किचनच्या छोट्या डिजिटल काट्यावर वजन करायचं, भागायचं. सोपं आहे, पण सिरिंजवरची रेघ वाचताना ०.१ मिलिलिटर इकडेतिकडे होतंच. म्हणजे एक टक्का. म्हणजे घनतेत सरळ ०.०१ ची अनिश्चितता. कॉफी आणि क्रीममधला ०.१ चा फरक यात आरामात दिसतो. क्रीम आणि संत्र्यातला फरक ०.०१-०.०२ चा, तो दिसला असं म्हणणं म्हणजे स्वतःला फसवणं. माझ्या वहीत १.०४७ असा आकडा होता. गाइडने त्यातल्या ७ वर बोट ठेवून विचारलं, "हा कुठून आला?" कॅल्क्युलेटरमधून आला होता, सर.

अशा वेळी आकडा मोजण्यापेक्षा थेट तुलना करणं चांगलं. एका द्रवाचा थेंब दुसऱ्यात हळूच सोडा. बुडतो की तरंगतो एवढंच बघा. काट्याची चूक नाही, रेघेची नाही. फक्त दोन्हीचं तापमान सारखं ठेवा. फ्रिजमधली बाटली आणि ओट्यावरची बाटली अशी तुलना नको.

चमच्याची भानगड काय? चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून ओततात, त्याने घनता बदलत नाही, वेग बदलतो. १० सेंटिमीटरवरून पडणारी धार सेकंदाला सुमारे १.४ मीटर वेगाने आदळते. चमच्यावरून पसरली की वेग काही सेंटिमीटरवर येतो. थर टिकवणारी शक्ती आणि ढवळणारी शक्ती यांच्या गुणोत्तराला रिचर्डसन अंक म्हणतात. वेग त्यात वर्गाने येतो, म्हणून वेग वीसपट कमी केला की अंक चारशेपट वाढतो. वरचा थर नेहमी जास्त छळतो तोही यामुळेच: तिथे घनतेतला फरकच मुळात कमी, मग हात आणखी हळू हवा.

एकदा थर बसले की नुसत्या विसरणाने मिसळायला फार वेळ लागतो. साखरेचे रेणू पाण्यात इतके सावकाश सरकतात की एक सेंटिमीटर जायला दोनेक दिवस. पाहुणे त्याआधी जातात.

साखरवाल्यांसाठी एक सूचना. ४० टक्के द्रावण म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि ६० ग्रॅम पाणी. १०० मिलिलिटर पाण्यात ४० ग्रॅम टाकलीत तर ते २९ टक्केही भरत नाही. तळाला ४० टक्के, मध्ये २०, वर साधं पाणी, प्रत्येकाला वेगळा खायचा रंग. मी तळाला रंगासाठी अमृत कोकम घेतलं होतं, ते सुंदर बसलं. मग हाव सुटली आणि त्यावर आयरिश क्रीम सोडलं. कोकमाच्या आंबटपणाने दूध फाटलं. घनतेचं गणित अगदी बरोबर होतं आणि ग्लासात पनीर तरंगत होतं.

हेच गणित घराबाहेरही दिसतं. उल्हासचं गोडं पाणी खाडीत समुद्राच्या पाण्याला भेटतं तेव्हा घनतेतला फरक जेमतेम ०.०२५ असतो, क्रीम आणि संत्र्याच्या जवळपासचा. आणि आपल्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. एवढ्या जोराने ढवळल्यावर थर कधी टिकतात आणि कधी मोडतात, पावसाळ्यात नदी फुगल्यावर काय होतं, हे प्रश्न रिचर्डसन अंकाच्याच भाषेत विचारले जातात. या खाडीत क्षारता खोलीनुसार कशी बदलते हे मोजायचं असेल तर पहिला नमुना भरतीला घ्याल की ओहोटीला? आणि तुमचा अंदाज चुकलाय हे कोणत्या आकड्यावरून कळेल? कमेंटमध्ये लिहा, आकड्याबरोबर अनिश्चितताही लिहा.