गरम जॉब

सकाळचे साडेसात. चाकण एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये फर्स्ट शिफ्ट सुरू होऊन अर्धा तास झालाय. व्हीएमसी मशीनचं दार सरकतं, कूलंटचा आंबूस वास अंगावर येतो. मी फिक्स्चरवरून जॉब उतरवते, एअर गनने चिप्स उडवते, बोअर पुसते आणि आत गेज घालते. ॲल्युमिनियमचं हाउसिंग आहे. ड्रॉइंगवर बोअरला, म्हणजे आतल्या गोल भोकाला, 40 एच7 लिहिलंय. म्हणजे 40.000 मिलिमीटरच्या खाली नको, 40.025 च्या वर नको. सगळी मुभा पंचवीस मायक्रॉनची. डोक्यावरचा एक केस सत्तरेक मायक्रॉन भरतो.

बोअर गेज सरळ घालून वाचायचं नसतं. ते हलकेच झुलवायचं. काटा एका जागी येऊन उलटा फिरतो, ती जागा खरी. माझा काटा शून्याच्या पुढे बारा घरांवरून फिरतो. 40.012. अगदी मधोमध! चेकशीटवर आकडा लिहिताना छाती भरून येते. या मशीनचे ऑपरेटर दादा आज रजेवर आहेत आणि मशीन पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हातात आहे.

मी मेकॅनिकलच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाच दिवस शॉपवर, शनिवार-रविवार वर्गात. शॉपवरच्या कामाचे गुण पदवीत धरले जातात, त्यासाठी लॉगबुकवर रोज सही घ्यावी लागते. घरी आईला अजून वाटतं की मला नोकरी लागली. तसं नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात स्पष्ट आहे, शिकाऊ उमेदवार म्हणजे कामगार नव्हे. पदवी-पदविकावाले इंजिनिअर त्या कायद्यात 1973 साली आले. मला ही ओळ महत्त्वाची वाटते, कारण कामगार नाही याचा अर्थ शिकवून घेणं हा माझा हक्क आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा दुसऱ्या एका कंपनीत आठ महिने नुसते खोके मोजतोय. लॉगबुकमध्ये त्याच्या रोज ‘पॅकिंग’ लिहिलेलं असतं आणि त्याखाली रोज सही. शनिवारी तो माझ्या शेजारी बसतो, तेव्हा मला त्याच्यासाठी राग येतो.

दहा वाजता चौदा जॉब टेबलावर रांगेत उभे आहेत. लाइन इन्स्पेक्टर येतात, सगळ्यात जुना, सकाळचा पहिला जॉब उचलतात, गेज घालतात. परत घालतात. मास्टर रिंगवर गेज तपासून घेतात आणि तिसऱ्यांदा घालतात.

“हा तू मोजलास?”

“हो सर. बारा आला होता.”

ते गेज माझ्यासमोर धरतात. काटा शून्याच्या अलीकडे चार घरांवर. 39.996. अंडरसाइझ. दुसरा जॉब, तिसरा, चौथा. सगळे तसेच. मशीन थांबतं, वरचा लाल दिवा लागतो आणि पोटात खड्डा पडतो. माझ्या चेकशीटवर एकाखाली एक बारा, अकरा, तेरा, बारा लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात.

सेटर मामा येतात. बार्शीकडचे आहेत. आयटीआय करून आले आणि पंचवीस वर्षं याच कामात आहेत. ते ड्रॉइंग बघत नाहीत, गेज बघत नाहीत. आत्ताच मशीनमधून निघालेला चौदावा जॉब दोन्ही तळव्यांत धरतात आणि माझ्यापुढे करतात.

“हात लाव की जरा त्याला, पोरी.”

मी हात लावते. नुकत्याच भरलेल्या चहाच्या पेल्यासारखा गरम.

“आता त्या पैल्याला लाव.”

तो थंडगार.

दुसऱ्या सेमिस्टरला हेच मी परीक्षेत लिहिलंय, पैकीच्या पैकी मार्क मिळवलेत. धातू तापला की फुगतो, ॲल्युमिनियम पोलादाच्या दुपटीने फुगतं. मास्टर रिंग पोलादाची, सकाळपासून टेबलावर गार पडलेली. तिच्यावर शून्य लावून मी तापलेलं ॲल्युमिनियम मोजत होते. ड्रॉइंगवरची मापं 20 अंशांना धरलेली असतात, स्टँडर्ड रूममधला एसी त्यासाठीच असतो. हे सगळं मला पाठ होतं.

“किती आखडला असंल? आकडा निघतो का ह्याचा?” मामा मनापासून विचारतात.

मेंटेनन्सकडून टोक जॉबला टेकवायचा थर्मामीटर आणते. गरम जॉब 46 अंश, गार 29. फरक सतराचा. जॉब कार्डाच्या पाठीमागे मांडते: 40 गुणिले 0.000023 गुणिले 17. उत्तर 0.0156. साडेपंधरा मायक्रॉन! इन्स्पेक्टरांच्या आणि माझ्या आकड्यातला फरक सोळा. मी कार्ड मामांना दाखवते. ते चष्मा कपाळावरून खाली घेतात आणि एकेक आकड्यावरून बोट फिरवत वाचतात.

“म्हंजे गार झाल्यावर बारा पायजे, तर गरम असताना अठ्ठावीस दिसाया पायजे.”

“हो मामा. गरम असताना नापास दिसेल.”

“दिसू दे.”

ॲलन की घेऊन ते बोअरिंग हेडची डायल जराशी फिरवतात. नवा जॉब येतो, काटा सत्तावीसवर फिरतो. मी तो पंख्यासमोर ठेवते आणि वाट बघते. चाळीस मिनिटं. इतकी वाट मी निकालाची पाहिली नव्हती. मग गेज. अकरा.

आता ते चौदा. बोअर लहान राहिलाय म्हणजे माल शिल्लक आहे, पुन्हा कापता येतो. मोठा झाला असता तर थेट भंगार. पण काढायचेत एका बाजूने फक्त आठ मायक्रॉन, आणि इतक्या पातळ कापाला टूल कधीकधी कापत नाही, नुसतं घासतं. मामा नवीन इन्सर्ट लावतात. एकेक गार जॉब फिक्स्चरवर बसवतो, डायल लावून सेंटर धरतो. जेवणाची सुट्टी होते, आम्ही हलत नाही. कोणीतरी माझा डबा मशीनशेजारी आणून ठेवतं.

तीन वाजेपर्यंत अकरा वाचतात. तिघांचा बोअर आत जाताना निमुळता झालाय. ते लाल पेटीत.

रिजेक्शन टॅग मला भरायचाय. पार्ट नंबर, संख्या 3, मशीन नंबर. पुढे कारणाचा रकाना. माझं पेन तिथे थांबतं. वरच्या जुन्या टॅगवर ‘टूल वेअर’ लिहिलंय, तो शब्द सोपा आहे. मी मामांकडे बघते. ते कापडाने हात पुसतायत.

“जे झालंय ते लिही.”

मी लिहिते: जॉब गरम असताना मोजला. खाली माझं नाव, शिकाऊ उमेदवार, तारीख. तारेचा पीळ घालून टॅग पहिल्या जॉबला बांधते. बाहेर बसचा हॉर्न वाजतो. लॉगबुक अजून सहीचं राहिलंय, मी ते उघडून मामांच्या पुढे धरते.