गहू ज्यांस सोसत नाही त्यांचा आहार

निलंगा भागात गव्हाची पोळी पूर्वी सणासुदीस ताटात येई. आता ती पुष्कळ घरी नित्याची झाली आहे. त्यात वावगे काही नाही. परंतु काही थोड्या माणसांच्या आतड्यास गहू मुळीच सोसत नाही. या विकारास सिलिअॅक म्हणतात. कणीक ज्यामुळे ताणली जाते ते ग्लुटेन नावाचे चिवट प्रथिन गहू व जव यांत असते. त्यामुळे अशा माणसाच्या लहान आतड्याच्या अस्तरावरील बारीक लव झडते व अन्न अंगी लागत नाही. मूल खुरटते, पोट फुगते, जुलाब होतात. मोठ्यांत कधी केवळ न हटणारा रक्तक्षय दिसतो.

गव्हाविषयीचा संशय डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांस महायुद्धापूर्वीच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडात पाव मिळेनासा झाला, तेव्हा तो बळावला. १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध सादर केला. आजही उपाय तोच, गहू जन्मभर वर्ज्य. मात्र रक्ततपासणीपूर्वी गहू सोडू नये. सोडल्यास रोग तपासणीत सापडत नाही.

आपली ज्वारी येथे मोठीच उपयोगाची. बाजरी, तांदूळ, मका, नाचणी यांतही ग्लुटेन नाही. ज्वारीच्या प्रथिनांतील उणीव तुरीच्या वरणाने भरून निघते. लोहासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाचे, २०१८ साली प्रसारित झालेले ‘परभणी शक्ती’ वाण पेरण्याजोगे आहे. त्यात लोह व जस्त नेहमीच्या ज्वारीहून अधिक असते. आरंभी काहींस दूध पचत नाही. त्यांस ताक बहुधा सोसते. येळवशीचे उंडे, भज्जी व आंबील अशा रुग्णाने खुशाल खावी. गव्हाची खीर तेवढी टाळावी. खपली हाही गहूच, हे विसरू नये.

खरी फसगत गिरणीत होते. गव्हावर ज्वारी दळली की पहिल्या पिठात कणीक उतरते, आणि रुग्णास चिमूटभरही बाधते. ज्वारीवर ज्वारी दळून घेतली तरी पाळ्यांत व झोळीत उरलेले पीठ राहतेच. घरी जाते असल्यास ते या एका माणसाच्या दळणासाठी राखावे. परात, काटवट व तवाही निराळा असावा. बाजारी बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. डबीवरील मजकूर वाचून तांदळाच्या पिठाचा हिंग घ्यावा, न मिळाल्यास फोडणी जिरे-लसणाचीच करावी.