लिदीतून मोजलेले हत्ती

२०१७च्या गणनेत देशात २९,९६४ रानहत्ती होते. ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर झालेल्या अहवालात ते २२,४४६ निघाले. मधल्या साडेसात हजारांचं काय झालं, हा प्रश्न साहजिक आहे, पण चुकीचा. दोन्ही वेळची मोजपट्टी वेगळी होती, त्यामुळे ही वजाबाकीच करता येत नाही.

वाघाचे पट्टे प्रत्येकाचे निराळे, त्यामुळे कॅमेऱ्यात दोनदा आलेला वाघ एकदाच मोजला जातो. हत्तीला ती सोय नाही. दाट रानात कान, सुळे, शेपटी निरखायला वेळ मिळतोच असं नाही. म्हणून दक्षिणेत मोजणीचे दिवस वाटलेले असत. पहिल्या दिवशी ठरलेल्या तुकड्यात दिसतील ते हत्ती टिपायचे, दुसऱ्या दिवशी सरळ रेषेत चालत लिदीचे ढीग मोजायचे, तिसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बसायचं. इतर राज्यांत पद्धत आणखी वेगळी.

ढिगांवरून हत्ती काढायचं गणित दिसतं सोपं. ढिगांच्या घनतेला ते रोज किती प्रमाणात विरतात त्या दराने गुणायचं आणि एक हत्ती दिवसाला किती वेळा लीद टाकतो त्याने भागायचं. दिवसाला लीद टाकण्याचा १६.३३ हा आकडा मुदुमलईत संशोधन केलेल्या मिलिंद वाटवे यांच्या १९९२च्या प्रबंधातून अनेक सर्वेक्षणांत गेला. खरी पंचाईत विरण्याच्या दराची. एका वळवाच्या सरीने, शेणकिड्यांच्या एका हंगामाने तो बदलतो, आणि इथली चूक थेट हत्तींच्या संख्येत उतरते.

नव्या मोजणीत हत्ती दिसण्याची गरजच उरली नाही. ताज्या लिदीच्या गोळ्यावर चकचकीत, बुळबुळीत थर असतो. त्यात आतड्याच्या पेशी असतात आणि पेशींत डीएनए. असे २१,०५६ नमुने गोळा झाले. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने डीएनएवरच्या ११ खुणा तपासल्या आणि ४,०६५ वेगवेगळे हत्ती ओळखले. तोच हत्ती पुन्हा किती वेळा, किती अंतरावर सापडतो, यावरून न सापडलेल्यांचा अंदाज बांधला जातो. म्हणूनच अहवालात १८,२५५ ते २६,६४५ असा पल्लाही दिला आहे. बातम्यांत मात्र मधला आकडाच राहिला.

राज्यवार आकडे तर आणखी जपून वाचावेत. केरळ ५,७०६ वरून २,७८५ वर आलं म्हणून ओरड झाली. पण केरळातलं वायनाड आणि कर्नाटकातले बंदीपूर, नागरहोळे हे सलग रान आहे. उन्हाळ्यात काबिनीच्या जलाशयाकाठी जमणारे कळप राज्याची हद्द पाहून थांबत नाहीत. महाराष्ट्राच्या वाट्याला ६३ हत्ती आले. आपल्याकडे २००२च्या सुमारास कर्नाटकातून दोडामार्गात आणि २०२१मध्ये छत्तीसगडमधून गडचिरोलीत हत्ती उतरले. अभयारण्याच्या नकाशापेक्षा भातखाचरं आणि केळीच्या बागा त्यांना जवळच्या. म्हणून केवळ संरक्षित क्षेत्रं मोजून भागत नाही.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा नव्हे. घट झाली नाही, हेही हे आकडे सिद्ध करत नाहीत. २०२५चा अहवाल हा आरंभबिंदू आहे. पुढच्या फेरीत हीच पद्धत राखली, तर त्या ४,०६५ पैकी किती पुन्हा सापडतात यावरून हत्ती किती प्रमाणात जगतात, याचा अंदाज प्रथमच देशपातळीवर बांधता येईल. किती आहेत यापेक्षा किती टिकतात हे कळणं धोरणासाठी अधिक मोलाचं.