चाकाच्या आगबोटी आणि त्यांचे जतन

हिंगोलीजवळून वाहणारी कयाधू पैनगंगेस मिळते. पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता या मार्गाने गोदावरीत जाते. याच जलमार्गाने वऱ्हाडचा कापूस बंगालच्या उपसागरापर्यंत न्यावा, अशी योजना सर आर्थर कॉटन यांनी मांडली होती. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. दुम्मुगुडेम येथे बंधारा उभा राहिला, तथापि १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे पोहोचली आणि १८७१ मध्ये योजना सोडून देण्यात आली.

उथळ नद्यांसाठी त्या काळी चाकाची आगबोट (पॅडल स्टीमर) सोयीची ठरे. पंख्याला पाण्याखाली पुरेशी खोली लागते. चाकाच्या फळ्या मात्र पाण्यात थोड्याच बुडतात, म्हणून नाव सपाट तळाची बांधता येते. समुद्रात हाच गुण दोष ठरतो. लाटांवर नाव कलली की एक चाक खोल जाते, तर दुसरे पाण्याबाहेर निघते.

अशा आगबोटी आज मोजक्याच उरल्या आहेत. ऑस्ट्रेलियातील एचुका येथे १८६६ साली बांधलेली 'अ‍ॅडलेड' ही लाकडी आगबोट मरे नदीतून ओंडक्यांचे तराफे ओढीत असे. काही वर्षे ती एका बागेत जमिनीवर मांडून ठेवली होती. १९८४ मध्ये तिला पुन्हा पाण्यात सोडण्यात आले. लाकडी नावेची फळी कोरडी पडली की आकसते, सांधे उघडतात. म्हणून 'जमिनीवर सुरक्षित' हा समज फसवा आहे. आपल्याकडे १९४४ साली स्कॉटलंडमध्ये बांधलेली 'पी. एस. भोपाळ' कोलकाता बंदराने दुरुस्त करवून पर्यटकांसाठी हुगळीवर आणली, ही समाधानाची बाब होय.

महाराष्ट्राचा अनुभव वेगळा आहे. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून खुली होती, २०१२ मध्ये बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात निघाली. तिच्याविषयी जनतेत आस्था होती, यात शंका नाही. परंतु पोलादी नौकेचा तळ खाऱ्या पाण्यात सतत गंजतो. ती वेळोवेळी गोदीत घेऊन पत्रे बदलावे लागतात, आणि हा खर्च प्रवेशशुल्कातून निघणे दुरापास्त असते. जतनाचा प्रस्ताव तपासताना, प्रस्तुत लेखकाच्या मते, उद्घाटनाच्या खर्चाआधी पुढील गोदीदुरुस्तीची तरतूद विचारावी.