म्हातारपणाला कायद्याचा आधार



नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या वस्त्यांवर काम करताना एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो : "ताई, पोरं बघत नाहीत, आता कुणाकडं जावं?" विचारणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते की या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे.

लातूरचेच उदाहरण पाहा. नोव्हेंबर 2020 मध्ये लातूर जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेने एक ठराव केला. जो कर्मचारी आईवडिलांना सांभाळत नाही, त्याच्या पगारातून 30 टक्के रक्कम कापून ती आईवडिलांच्या खात्यावर जमा करायची. डिसेंबरपासून सात कर्मचाऱ्यांची कपात सुरू झाली. ज्यांच्याविरुद्ध तक्रारी होत्या त्यांत शिक्षकही होते. मुलांना घडवणाऱ्यांच्या घरी ही स्थिती, हे वाचून अनेकांना वाईट वाटले.

या ठरावाआधीपासूनच देशात एक कायदा आहे : आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007. महाराष्ट्राने त्याचे नियम 2010 मध्ये केले. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा :

कोणाला हक्क आहे? स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर ज्यांचे भागत नाही अशा आईवडिलांना. त्यांच्यासाठी वयाची अट नाही. मूलबाळ नसलेले 60 वर्षांपुढचे नागरिकही, त्यांची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला वारसाने मिळणार आहे, अशा नातेवाइकाकडे खर्च मागू शकतात. मात्र त्या नातेवाइकाची तेवढी ऐपत हवी.

अर्ज कुठे करायचा? उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो, त्यांच्यापुढे. तिथेच निर्वाह न्यायाधिकरण चालते. किनवट-माहूरकडच्या माणसाला नांदेड गाठावे लागत नाही, किनवटला अर्ज देता येतो. वकील लावण्याची गरज नाही. मुलांना नोटीस मिळाल्यापासून साधारण 90 दिवसांत निकाल अपेक्षित आहे. तोवर अंतरिम रक्कमही मागता येते.

किती मिळते? दरमहा जास्तीत जास्त 10,000 रुपये. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत, तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. म्हाताऱ्या माणसाला टाकून देणे हा वेगळा गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

जमीन नावावर करून दिली असेल तर? सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिले आणि मुलाने सांभाळले नाही, तर कलम 23 खाली ते रद्द करून मागता येते. 2 जानेवारी 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालमत्तेचा ताबा परत देण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकते. म्हणून माझी कळकळीची विनंती : अंगठा उठवण्याआधी सांभाळण्याची अट दस्तातच लिहून घ्या. तोंडी वचन पुढे सिद्ध करणे फार अवघड जाते.

आता आपल्या आदिवासी वस्त्यांबद्दल. किनवट-माहूर भागात गोंड, कोलाम, आंध, प्रधान समाजाची अनेक घरे अशी आहेत की मुलगा निर्दयी नाही, तो गरीब आहे. काम शोधत तो सहा-सहा महिने बाहेर असतो. घरी आजी आणि नातवंडे उरतात. अशा मुलाला नोटीस पाठवून काय हाती येणार? तिथे सरकारी निवृत्तिवेतनाचा आधार शोधावा लागतो. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत 65 वर्षांपुढच्या निराधार व्यक्तीला दरमहा 1,500 रुपये मिळतात. तहसील कार्यालयात अर्ज करायचा असतो. अडचण बहुतेक वेळा वयाच्या पुराव्याची येते. जन्माची नोंद नाही, शाळेचे तोंड पाहिलेले नाही, आणि आधार कार्डावर अंदाजाने टाकलेले वय दहा वर्षे कमी! अशा वेळी सरकारी रुग्णालयातून वयाचा दाखला मिळवण्यासाठी कुणीतरी सोबत जावे लागते.

मुलाविरुद्ध अर्ज करायला आईचा हात उठत नाही, हेही मी पाहिले आहे. "त्याची बदनामी नको," असे म्हणून ती अर्धपोटी राहते. तिला मी एवढेच सांगते की न्यायाधिकरण आधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकते. तिथे समोरासमोर बसून बोलणे होते. अर्ज केला म्हणजे नाते तोडले असे नाही.

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची तरतूद कलम 5 मध्ये आहे. ज्येष्ठ व्यक्ती स्वतः अर्ज करू शकत नसेल, तर तिने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था तिच्या वतीने अर्ज करू शकते. म्हणजे हे काम आपणही करू शकतो. मार्क 7 मध्ये 'कुर्बान'ची सबब सांगून आईवडिलांना मदत नाकारणाऱ्यांना प्रभूने खडसावले आहे. मंडळीच्या कामात गुंतलो म्हणून घरच्या म्हाताऱ्यांकडे दुर्लक्ष झाले, ही सबब आपल्यालाही चालणार नाही.

प्रत्येक मंडळीने या तिमाहीत एवढे करावे : आपल्या परिसरातल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करा. प्रत्येकाचे आधार कार्ड, बँक खाते आणि निवृत्तिवेतन तपासा. तहसीलला किंवा प्रांत कार्यालयात सोबत जाईल अशी एक व्यक्ती नेमा. आणि 14567 हा ज्येष्ठांसाठीचा मोफत मदत क्रमांक सभेत सर्वांना लिहून द्या.